ना राजाचं नाव, ना साल, तरी डी. डी. कोसंबींनी तराजूवर नाणी ठेवून इतिहास वाचला

समजा, तुमच्यापुढे कोणीतरी चांदीचे हजारभर तुकडे ओतले. काही चौकोनी, काही गोलसर, कडा वेड्यावाकड्या कापलेल्या. त्यांच्यावर राजाचा चेहरा नाही, नाव नाही, साल नाही. फक्त सूर्य, टेकडी, झाड, हत्ती अशी छोटी छोटी चिन्हं ठोकलेली आहेत. आणि तुम्हाला सांगितलं की यातलं आधीचं नाणं कुठलं आणि नंतरचं कुठलं ते ओळखा.

कसं ओळखणार?

भारतातली सगळ्यात जुनी नाणी अशीच आहेत. त्यांना आहत नाणी म्हणतात. आहत म्हणजे ठोकलेली. चांदीच्या पत्र्याचे तुकडे कापायचे, वजन जास्त भरलं तर कोपरे छाटायचे आणि मग त्यावर एकेक ठसा मारायचा, अशी ही पद्धत. बुद्धाच्या आसपासच्या काळापासून मौर्यांच्या काळापर्यंत आणि त्यानंतरही ही नाणी बाजारात फिरत होती. पण त्यांच्यावर अक्षरच नसल्यामुळे ती कुणाची, कधीची यावर अभ्यासकांमध्ये नुसते अंदाज चालायचे. अमुक चिन्ह धर्माचं, तमुक चिन्ह राजघराण्याचं, असं जो तो आपापल्या परीने सांगायचा.

मग १९४० च्या सुमाराला पुण्यातल्या फर्ग्युसन कॉलेजमधला एक गणिताचा प्राध्यापक यात उतरला. त्याने चिन्हांचा अर्थ लावण्याआधी एक साधी गोष्ट केली. नाण्यांची वजनं घेऊन बसला.

त्या प्राध्यापकाचं नाव दामोदर धर्मानंद कोसंबी. जग त्यांना डी. डी. कोसंबी म्हणून ओळखतं. गणितज्ञ, संस्कृतचे पंडित, मार्क्सवादी इतिहासकार अशा त्यांच्या बऱ्याच ओळखी आहेत. पण या सगळ्यांना जोडणारा धागा शोधायला गेलं तर तो नाण्यांपाशी सापडतो.

वडिलांची गोष्ट आधी सांगावी लागते

कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७ चा, गोव्यातला. तेव्हा गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता.

त्यांचे वडील धर्मानंद कोसंबी हा माणूसच अफाट होता. शिक्षणाची फारशी सोय नसलेल्या गावात वाढलेले धर्मानंद बुद्धाच्या ओढीने घर सोडून निघाले. पुणे, काशी, नेपाळ असं करत ते श्रीलंकेत पोचले. तिथे त्यांनी भिक्षूची दीक्षा घेतली, पाली भाषा शिकली. परत आल्यावर ते पाली भाषेचे भारतातले मोठे जाणकार मानले गेले. पुढे फर्ग्युसन कॉलेजमध्ये त्यांनी पाली शिकवली. मराठीत बुद्ध घराघरांत पोचवणाऱ्यांमध्ये त्यांचं नाव फार वर घ्यावं लागतं.

धर्मानंदांना अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठातून बोलावणं आलं होतं. काम होतं 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती तयार करण्याचं. या कामासाठी ते अनेकदा अमेरिकेला गेले. १९१८ साली निघाले तेव्हा त्यांनी अकरा वर्षांच्या दामोदरला सोबत नेलं.

या विसुद्धिमग्गात नाण्यांचा एक दृष्टांत आहे. सराफाच्या फळीवर नाण्यांचा ढीग पडलाय. लहान मूल बघतं तेव्हा त्याला चकचकीत, नक्षीदार तुकडे दिसतात. खेड्यातला माणूस बघतो तेव्हा त्याला कळतं की याने वस्तू विकत घेता येतात. आणि सराफ बघतो तेव्हा त्याला नाणं खरं की खोटं, कुठल्या गावात पाडलेलं, कुणी पाडलेलं हेही समजतं.

वडिलांनी आयुष्याची कित्येक वर्षं या ग्रंथाला दिली. मुलगा पुढे नाण्यांकडे त्या सराफाच्या नजरेने बघणार होता.

हार्वर्ड ते पुणे, मध्ये बनारस आणि अलिगढ

कोसंबींचं शालेय शिक्षण अमेरिकेत झालं आणि पदवी हार्वर्डची. १९२९ मध्ये ते सर्वोच्च श्रेणीत पास झाले. विषय गणित असला तरी भाषांची आवड तेव्हापासूनची. ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, जर्मन, इटालियन या भाषा त्यांना येत होत्या. युरोपात अभिजात विद्येचा माणूस तयार होतो तो ग्रीक-लॅटिनच्या पायावर. तो पाया कोसंबींकडे विशीतच तयार होता. संस्कृतकडे मात्र ते बऱ्याच उशिरा वळले. ते का, हे पुढे येईलच.

१९२९ हे जागतिक मंदीचं साल. पुढे शिकायला पैसे उभे राहिले नाहीत आणि कोसंबी भारतात परतले. आधी बनारस हिंदू विद्यापीठ, मग अलिगढ. अलिगढला त्यांना बोलावून घेणारा माणूस होता आंद्रे वेइल. हा फ्रेंच गणितज्ञ पुढे विसाव्या शतकातल्या सगळ्यात मोठ्या गणितज्ञांमध्ये गणला गेला.

या दोघांचा एक किस्सा गणिताच्या जगात अजून सांगितला जातो. वेइलच्या सांगण्यावरून कोसंबींनी १९३१ साली एक शोधनिबंध छापला. त्यात बूर्बाकी नावाच्या एका रशियन गणितज्ञाच्या प्रमेयाचा दाखला दिला. असा गणितज्ञ अस्तित्वातच नव्हता! पुढे काही वर्षांनी फ्रान्समधल्या तरुण गणितज्ञांच्या गटाने याच बूर्बाकी नावाने पुस्तकं लिहिली आणि हे नाव जगभर गाजलं. गणिताच्या छापील लेखात ते पहिल्यांदा आलं ते कोसंबींच्या या थट्टेतून, असं मानलं जातं.

१९३१ मध्येच त्यांचं नलिनी मडगावकर यांच्याशी लग्न झालं. त्यानंतर ते पुण्यात आले आणि वडिलांनी जिथे पाली शिकवली त्याच फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायला लागले. १९४५ पर्यंत ते तिथे होते.

गणिताच्या मास्तरांना नाण्यांचं काय पडलं होतं?

झालं असं की कोसंबींना संख्याशास्त्र शिकायचं होतं. नुसती सूत्रं पाठ करण्यात त्यांना रस नव्हता. खऱ्या आयुष्यातले प्रश्न घ्यायचे आणि त्यावर संख्याशास्त्र वापरून बघायचं, असं त्यांनी ठरवलं. सुरुवातीला परीक्षेच्या मार्कांचा अभ्यास केला. त्याच ओघात आहत नाण्यांचा प्रश्न त्यांच्यापुढे आला.

नाण्यांच्या अभ्यासकांपुढची अडचण चिन्हांची होती. प्रत्येक जण चिन्हांकडे बघत होता. कोसंबींनी विचारलं की नाणं म्हणजे मुळात काय आहे? ठरावीक वजनाचा धातूचा तुकडा. मग त्याचं वजन आपल्याला काही सांगेल का?

इथे त्यांच्या पद्धतीचं मूळ आहे आणि ते समजायला गणित यायची गरज नाही.

नाणं बाजारात फिरतं तेव्हा झिजतं. हाताला घासतं, थैलीत दुसऱ्या नाण्यांवर आपटतं, सराफाच्या फळीवर घरंगळतं. दर वेळी धातूचा अगदी बारीक अंश कमी होतो. एकाच टाकसाळीतून एकाच दिवशी निघालेली दोन नाणी घेतली तर एक जास्त झिजेल, एक कमी. कारण एक रोज हातोहात फिरलं असेल आणि दुसरं कुणाच्या तरी गाडग्यात पडून राहिलं असेल. त्यामुळे एकट्या नाण्याच्या वजनावरून काहीच सांगता येत नाही.

पण शेकडो नाणी एकत्र घेतली की चित्र बदलतं. मग दोन गोष्टी दिसायला लागतात. जितका काळ नाणी फिरली तितकं त्यांचं सरासरी वजन घटत जातं. आणि जितका काळ फिरली तितकी त्यांची वजनं एकमेकांपासून जास्त पांगत जातात. नवीकोरी असताना सगळी जवळपास सारखी असतात, जुनी झाली की कुणी फार झिजलेलं, कुणी थोडं, असा फरक वाढत जातो.

हे खरंच असं होतं का, हे पडताळायला कोसंबींनी आपल्या काळातली चलनातली नाणी घेतली. त्यांच्यावर तर साल छापलेलं असतं. कुठलं नाणं किती वर्षं फिरलंय हे आधीच माहीत. ती वजन करून त्यांनी नियम तपासला आणि मग तोच नियम अडीच हजार वर्षं जुन्या नाण्यांना लावला. १९४२ साली 'करंट सायन्स' या विज्ञानविषयक नियतकालिकात त्यांचा यावरचा लेख आला.

यात अटीही होत्या. जमिनीत पुरलेल्या नाण्यांवर गंज चढतो, साफ करताना धातू जातो. म्हणून वेगवेगळ्या ठिकाणची नाणी सरसकट एकत्र करून चालत नाही. एकाच साठ्यात सापडलेली, सारख्याच परिस्थितीत राहिलेली नाणी घेऊन त्यांच्या गटांची आपसात तुलना करावी लागते. कोसंबी या बाबतीत फार काटेकोर होते. पुढच्या काळात त्यांनी हजारो नाणी एकेक करून स्वतः वजन केली. प्रयोगशाळेतला नाजूक तराजू आणि एकामागून एक नाणी. कंटाळवाणं काम, पण हेच काम त्यांच्या निष्कर्षांना आधार देणार होतं.

तक्षशिलेचे दोन साठे

आता येऊ तक्षशिलेकडे. हे प्राचीन शहर आज पाकिस्तानात आहे, रावळपिंडीजवळ. तिथे भीर टेकाडाच्या उत्खननात आहत नाण्यांचे साठे सापडले. त्यातले दोन कोसंबींसाठी फार मोलाचे ठरले.

पहिला साठा १९२४ मध्ये सापडलेला. त्यात हजाराहून जास्त आहत नाणी होती आणि सोबत सिकंदराची आणि त्याचा भाऊ फिलिप अऱ्हिडियस याची मोजकी नाणी होती. ती जवळपास नवीकोरी होती. म्हणजे हा साठा सिकंदराच्या मृत्यूनंतर काही वर्षांतच, ख्रिस्तपूर्व ३१७ च्या आसपास पुरला गेला असावा. मौर्यांची सत्ता तिथे घट्ट होण्याच्या आधीचा हा काळ.

दुसऱ्या साठ्यात डायोडोटस या बॅक्ट्रियाच्या ग्रीक राजाचं नाणं होतं. म्हणजे तो साधारण पाऊण शतकानंतरचा, अशोकाच्या काळाच्या आगेमागचा.

एकच शहर, दोन काळ, मध्ये मौर्य साम्राज्य. तुलना करायला याहून चांगली संधी कुठली मिळणार?

आहत नाण्यांच्या पुढच्या बाजूला बहुतेक वेळा पाच मोठे ठसे असतात. ते नाणं पाडणाऱ्याचे. मागच्या बाजूला मात्र बारीक बारीक ठसे असतात आणि त्यांची संख्या ठरलेली नसते. कुठे एकही नाही, कुठे एक, कुठे बरेच. कोसंबींनी पहिल्या साठ्यातली नाणी मागच्या ठशांच्या संख्येप्रमाणे लावली आणि सरासरी वजन काढलं. मागचे ठसे जसे वाढत गेले तसं वजन नीट क्रमाने घटत गेलं.

याचा अर्थ काय? मागचे ठसे नाणं पाडताना मारलेले नव्हते. ते नंतर, नाणं बाजारात फिरत असताना, काही काळाने एकेक करून मारले गेले होते. कोसंबींच्या मते हे काम व्यापाऱ्यांचं आणि सराफांचं होतं. नाणं तपासायचं, चोख आहे याची खात्री करायची आणि आपला शिक्का मारून पुढे सोडायचं.

म्हणजे ज्या खुणांकडे आधी कुणी फार लक्ष दिलं नव्हतं, त्या बाजाराने ठेवलेल्या नोंदी होत्या. राजांच्या याद्या आपल्याला पुराणांत मिळतात. पण अडीच हजार वर्षांपूर्वी तक्षशिलेच्या बाजारात सराफ नेमाने नाणी तपासत होते, हे कुठल्या यादीत मिळणार? ते नाण्याच्या पाठीवर होतं.

दुसरी गोष्ट याहून मोठी होती. पहिल्या साठ्यातली बरीचशी नाणी कोसंबींच्या हिशोबाने पूर्वेकडची, मगधाच्या वळणाची होती. मगध म्हणजे आजचा बिहार. तिथून तक्षशिला हजार-दीड हजार किलोमीटर दूर. आणि हा काळ मौर्यांची सत्ता तिथे स्थिरावण्याच्या आधीचा. म्हणजे मगधाचं सैन्य पोचायच्या आधी मगधाचा पैसा तिथे पोचला होता. साम्राज्य तलवारीने उभं राहिलं हे आपण शाळेत शिकतो. त्याच्या आधी व्यापाऱ्यांनी वाट तयार केली होती, हे कोसंबींनी नाण्यांवरून दाखवलं.

आणि दुसरा साठा? तिथे हिशोब बिघडलेला दिसला. नाण्यांची वजनं जास्त विस्कळीत होती आणि चांदीत तांब्याचं प्रमाण खूप वाढलं होतं. कोसंबींनी याचा अर्थ असा लावला की मौर्यांना प्रचंड सैन्य आणि नोकरशाही पोसायची होती. पैशांची गरज वाढली, चांदी तेवढी वाढली नाही. मग त्याच चांदीत जास्त नाणी पाडली गेली. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही चांदीच्या पणात सोळापैकी चार भाग तांबं घालायला सांगितलंय. त्यात नाणी तपासणारा रूपदर्शक नावाचा सरकारी अधिकारीही आहे. म्हणजे जे काम आधी बाजारातले सराफ करत होते, त्यावर आता राज्याने हात ठेवला होता.

आजच्या भाषेत सांगायचं तर साम्राज्याच्या तिजोरीवर ताण आला होता. आणि तो ताण कुठल्याही शिलालेखात लिहिलेला नव्हता, तो धातूत उतरला होता.

नाण्यांनी संस्कृत शिकायला लावलं

वजनावरून नाण्यांचे गट आधीचे-नंतरचे असे लावता आले. पण ती पाडली कुणी? त्यासाठी राजांची नावं हवीत. ती पुराणांत, बौद्ध आणि जैन ग्रंथांत आहेत. पण एकाच राजाचं नाव एका ठिकाणी एक, दुसऱ्या ठिकाणी भलतंच. ते सोडवायचं तर मूळ ग्रंथ वाचायला हवेत. म्हणून कोसंबी संस्कृतकडे वळले.

एखाद्याने कामापुरतं शिकून घेतलं असतं. कोसंबींनी भर्तृहरी हातात घेतला. भर्तृहरीची नीती, शृंगार आणि वैराग्य ही शतकं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या पाठ केली जातात. पण त्यातले मूळचे श्लोक कुठले आणि नंतर कुणीकुणी घुसवलेले कुठले? हाही एक प्रकारे नाण्यांसारखाच प्रश्न. हातोहात फिरताना नाणं झिजतं आणि हातोहात उतरवताना पोथीत भर पडते.

कोसंबींनी देशभरातल्या शेकडो हस्तलिखितांची तुलना केली आणि १९४८ मध्ये भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती काढली. संस्कृतच्या जगात ती आजही प्रमाण मानली जाते. गंमत म्हणजे संस्कृत काव्याचं हे पुस्तक त्यांनी मार्क्स, एंगल्स आणि लेनिन यांच्या स्मृतीला अर्पण केलं. पारंपरिक पंडितांना काय वाटलं असेल याची कल्पना तुम्हीच करा.

१९५७ मध्ये त्यांनी आणि व्ही. व्ही. गोखले यांनी मिळून विद्याकराचा 'सुभाषितरत्नकोश' संपादित केला. बंगालमधल्या एका बौद्ध पंडिताने जमवलेला हा संस्कृत कवितांचा संग्रह भारतात हरवला होता. त्याची पोथी तिबेटमधल्या मठात टिकून राहिली होती. हा ग्रंथ हार्वर्डच्याच प्राच्यविद्या मालेत निघाला. काही वर्षांपूर्वी, १९५० मध्ये, वडिलांनी संपादित केलेला विसुद्धिमग्गही त्याच मालेत निघाला होता. पण तो छापून आलेला बघायला धर्मानंद नव्हते. ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम आश्रमात त्यांनी अन्न सोडून देह ठेवला होता.

नाण्यांपासून पायवाटांपर्यंत

नाण्यांनी कोसंबींना एक सवय लावली. इतिहास फक्त ग्रंथांत आणि राजांच्या प्रशस्तीत शोधायचा नाही, वस्तूंमध्ये शोधायचा. लोकांनी जे वापरलं, हाताळलं, पुजलं त्यात शोधायचा.

मग ते पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर पायी फिरायला लागले. अश्मयुगीन माणसाची बारीक दगडी हत्यारं गोळा केली. गावोगावच्या शेंदूर फासलेल्या देवींची ठाणी बघितली, गावकऱ्यांशी बोलले. कार्ल्याच्या लेण्यांचा अभ्यास करताना ती लेणी अशी डोंगरात एकाकी का, हा प्रश्न त्यांनी विचारला आणि उत्तर व्यापारी मार्गांत शोधलं. कोकणातल्या बंदरांवरून घाट चढून येणारे तांडे याच वाटेने जात. दान देणाऱ्यांमध्ये व्यापारी आणि कारागीर आहेत, हे तिथल्या शिलालेखांतच लिहिलंय. आणि त्याच डोंगरावर एकवीरा आहे. आपण दर्शनाला जातो त्या जागेचा इतिहास लेण्यांच्याही मागे जात असावा, असं त्यांचं म्हणणं होतं.

यातून १९५६ मध्ये त्यांचं भारतीय इतिहासाची ओळख करून देणारं मोठं पुस्तक आलं. मग १९६२ मध्ये 'मिथ अँड रिअॅलिटी' आणि १९६५ मध्ये प्राचीन भारताच्या संस्कृतीवरचं पुस्तक. राजे कधी आले आणि कधी गेले यापेक्षा लोक काय पिकवत होते, कुठल्या अवजाराने पिकवत होते आणि जास्तीचं धान्य कुणाच्या कोठारात जात होतं, हे प्रश्न त्यांनी इतिहासाच्या मध्यभागी आणून ठेवले. भारतात इतिहास लिहिण्याची पद्धत त्यानंतर पहिल्यासारखी राहिली नाही.

ते मार्क्सवादी होते, पण कुणाच्या कळपातले नव्हते. कम्युनिस्ट नेते श्रीपाद अमृत डांगे यांनी प्राचीन भारतावर पुस्तक लिहिलं तेव्हा त्याचं सगळ्यात कठोर परीक्षण १९४९ मध्ये कोसंबींनीच केलं. मार्क्सचं नाव घेतलं म्हणून पुरावा नसला तरी चालतो, हे त्यांना मान्य नव्हतं.

डेक्कन क्वीन, भाभा आणि शेवटची वर्षं

हे सगळं चालू असताना त्यांची नोकरी गणिताचीच होती, हे विसरू नका. होमी भाभांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था काढली तेव्हा अगदी सुरुवातीच्या प्राध्यापकांमध्ये कोसंबींना घेतलं. घर पुण्यात, भांडारकर संस्थेच्या जवळ आणि नोकरी मुंबईत. त्यामुळे डेक्कन क्वीनने जा-ये हा त्यांच्या आयुष्याचा भाग झाला.

त्याआधी त्यांनी आणखी एक काम केलं होतं, ज्याचा इतिहासाशी काही संबंध नाही. १९४४ मध्ये त्यांनी गुणसूत्रावरच्या जनुकांमधलं अंतर काढायचं एक सूत्र मांडलं. जनुकशास्त्रात ते आजही कोसंबींच्या नावाने वापरतात. पिकांच्या नव्या जातींवर काम करणाऱ्या कित्येकांना कोसंबी माहीत आहेत ते फक्त या सूत्रामुळे.

पण भाभांशी त्यांचे संबंध पुढे बिघडत गेले. कोसंबी जागतिक शांतता चळवळीत होते. अणुऊर्जेवर भारताने एवढा पैसा घालावा हे त्यांना पटत नव्हतं. सूर्य एवढा तळपतो त्या देशाने सौरऊर्जेकडे बघावं, असं ते १९५०-६० च्या दशकात सांगत होते. देशाच्या अणुकार्यक्रमाच्या प्रमुखाच्या संस्थेत बसून हे म्हणणं सोपं नव्हतं.

त्यातच १९५९ मध्ये त्यांनी गणितातला सगळ्यात अवघड मानला जाणारा रीमानचा प्रश्न सोडवल्याचा दावा केला. लेख छापला तोही शेतीच्या संख्याशास्त्राच्या नियतकालिकात. गणितज्ञांनी तो दावा मान्य केला नाही आणि कोसंबींच्या गणिती नावाला मोठा धक्का बसला. १९६२ मध्ये संस्थेने त्यांचा करार वाढवला नाही.

पंचावन्नाव्या वर्षी नोकरी गेली, पण काम थांबलं नाही. भटकंती, लेखन आणि नाणी चालूच राहिली. फेब्रुवारी १९६६ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन' या मासिकात त्यांचा नाण्यांच्या वैज्ञानिक अभ्यासावरचा लेख आला. पंचवीस वर्षं चाललेलं काम त्यांनी सामान्य वाचकांना कळेल अशा भाषेत मांडलं.

त्यानंतर चारच महिन्यांनी, २९ जून १९६६ ला पुण्यातल्या घरी झोपेतच त्यांचं निधन झालं. वय होतं ५८.

मग त्यांचं सगळं बरोबर निघालं का?

नाही. आणि हे सांगितलं नाही तर गोष्ट अर्धीच राहील.

कोसंबींनी नाण्यांच्या गटांना जी राजांची नावं लावली, ती पुढच्या सगळ्या अभ्यासकांनी स्वीकारली नाहीत. वजनावरून काळ ठरवण्याच्या पद्धतीवरही आक्षेप आले. सगळी नाणी सुरुवातीला सारख्याच वजनाची पाडली होती हे धरून चाललं तरच हा हिशोब बसतो, आणि प्रत्येक टाकसाळीबद्दल ते धरता येईलच असं नाही. नंतर आणखी साठे सापडले, ठशांची वर्गवारी जास्त बारकाईने झाली आणि काही निष्कर्ष बदलले.

पण त्यांनी विचारलेला प्रश्न टिकला. नाणं म्हणजे नुसतं चित्र नाही, ते वापरलं गेलेलं आहे आणि त्या वापराची मोजता येईल अशी खूण त्याच्यावर राहते. एकेकटं सुंदर नाणं कपाटात ठेवण्यापेक्षा आख्खा साठा, जसा सापडला तसा, मोडतोड न करता अभ्यासायला हवा. नांगराला लागलेलं गाडगं फोडून नाणी वाटून घेतली किंवा वितळवली की त्यातली बहुतेक माहिती कायमची जाते, हे त्यांच्या कामामुळे स्पष्ट झालं. आज इन्स्टाग्रामवर जुनी नाणी लाखो रुपयांना विका अशा जाहिराती दिसतात तेव्हा हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. चांदीचा भाव नाण्याला मिळेलही, पण त्याची माहिती साठ्यात असते.

त्यांचे नाण्यांवरचे लेख १९८१ मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर पंधरा वर्षांनी, पुस्तकरूपात एकत्र आले. २००८ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढलं. गोव्यात त्यांच्या नावाने विचार महोत्सव भरतो, देशभरातले वक्ते तिथे येतात.

एक गणिताचा प्राध्यापक आपल्या विषयाबाहेर जाऊन नाणी मोजत बसला. नाण्यांसाठी संस्कृत शिकला आणि जे ग्रंथांत सापडलं नाही त्यासाठी डोंगर चढला. पुराणांनी राजांची नावं जपली होती. तक्षशिलेच्या बाजारात बसून नाणी पारखणाऱ्या सराफांची नावं कुणीच जपली नाहीत. ती नावं कोसंबींनाही सापडली नाहीत, पण त्या सराफांनी नाण्याच्या पाठीवर मारलेले ठसे त्यांनी एकेक करून मोजले.